राखेची गाडी

ड्रेनोव्हित्सा, ४ नोव्हेंबर २०१८

यागोदा,

घराचा पूर्वेकडचा अर्धा भाग, पायापासून कौलांपर्यंत. स्वयंपाकघरातली चूल, जिचा धूर आजवर एकदाही खोलीत आला नाही. राकिया दारू गाळायचं तांब्याचं यंत्र, चाळीस लिटरचं, त्याचा एकही सांधा पाझरत नाही. विहिरीचा रहाट. तुझ्या वडिलांचा लाकडी पाय, म्हणजे दुसरा. पहिला सरकारी होता, तो ते फक्त पाहुण्यांना दाखवायला ठेवत. ट्रॅक्टर, ज्याचं इंजिन एका मोडीतल्या मोटारीचं आणि मागची चाकं मेलेल्या मळणीयंत्राची. मधमाश्यांच्या अकरा पेट्या. चर्चच्या घंटेचा लोलक. अक्रोडाच्या लाकडाचा पाळणा, जो शेवटी आपल्या लग्नातले धर्मपिता, मेतोदी कूम, यांच्या नातवंडांकडे गेला आणि तिथेच राहिला, ते बरंच झालं.

हे सगळं, माझ्या हातांनी केलेलं, मी अर्जातल्या ‘शिक्षण’ या रकान्यात लिहिलं. रकाना पुरला नाही तेव्हा समासात लिहिलं. नगरपालिकेच्या खिडकीतल्या मुलीनं शेवटपर्यंत वाचलं, हे तिचं कौतुक. मग म्हणाली, "मिस्त्री, इथे फक्त शाळेचं नाव लिहायचं असतं."

"यातलं काहीच मला शाळेनं शिकवलं नाही. तिचं नाव कशाला?"

"मग आठवी पास लिहू?"

"लिही आठवी."

कसला अर्ज ते तू विचारणार नाहीस, म्हणून सांगतो. नगरपालिकेच्या कचरा डेपोचा आधीचा मुकादम ट्रक चालवायला जर्मनीत गेला. आता नियम असा आला आहे की परवानाधारक मुकादम नसेल तर डेपोला कुलूप. गावात कुणीच तयार होईना. नगराध्यक्ष ल्यूबेन स्वतः माझ्या अंगणात आला, यंत्राच्या तांब्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही नाही तर कोण?" हे तो खड्डा खणणाऱ्यालाही म्हणतो, मला माहीत आहे. पण आधी शिकवणी, मग परीक्षा, मग एक वर्षाचा तात्पुरता परवाना. वर्षभरात डेपोवर काही विपरीत घडलं नाही तर कायमचा.

मी हो म्हटलं. का, ते तुला ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी बसथांब्यावर, बॅग टपावर चढल्यावर, सगळ्या गावासमोर तू काय म्हणालीस ते तू विसरली असशील. गाव विसरलेलं नाही. "स्तामेन, तुझ्या हातांना सगळं जमतं, फक्त पगार धरून ठेवता येत नाही. एका जागी वर्षभर टिकून दाखव आणि माझ्यापेक्षा एक लेव्ह जास्त घरात आण. त्या दिवशी मी उलटी बस पकडते." लोक हसले. ड्रायव्हरसुद्धा हसला. तिथे इटलीत त्या म्हातारीला न्हाऊमाखू घालण्याचे तुला नऊशे युरो मिळतात, म्हणजे आपले सतराशे साठ लेव्हा. गावातलं शेंबडं पोरही हा आकडा सांगेल.

लाकडाची वखार मी सोडली, कारण मालक ओलं लाकूड वाळलेलं म्हणून विकायचा. गॅरेज सोडलं, कारण तिथे चांगला सुटा भाग काढून वाईट बसवायचे. शाळेची भट्टी सोडली, त्याचं कारण तू ऐकूनच घेतलं नाहीस. तुझ्या मते ती कारणं नव्हती, खोड होती.

फोन का करत नाही म्हणशील. फोनवर आपण भांडतो. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही.

इटलीला जाणाऱ्या शनिवारच्या व्हॅननं पाठवतोय. सोबत आयवार मिरच्यांची चटणी, सहा बाटल्या. झाकणं मीच दाबली आहेत, उघडताना पक्कड वापर.

स्तामेन


ड्रेनोव्हित्सा, ९ डिसेंबर

यागोदा,

बाटल्या पोचल्या असं कूमांच्या बायकोकडून कळलं. तुझ्याकडून कळायचं तर तू मला सांगायला हवं.

शिकवणी जिल्ह्याच्या गावी होती. मास्तरीण एक इंजिनिअर, कालिना नावाची, पस्तिशीची. पहिल्या दिवशी मी तिचे बूट पाहिले. रबरी, गुडघ्यापर्यंत, चिखल जुना. म्हणजे डेपोवर खरंच जाते. तेव्हा मी पहिल्या बाकावर बसलो.

झिरपणारं काळं पाणी, कचऱ्यातला वायू, रोज संध्याकाळी मातीचा थर, हे सगळं मला पटलं. पाणी उताराकडे जातं, वायू वर जातो, यात नवं काय? भांडण झालं ते राखेवरून. ती म्हणाली, थंडीत घराघरातल्या चुलींची राख येते, ती वेगळी घ्यायची, दांडा घालून आतलं तापमान बघायचं, शंका आली तर चार दिवस बाजूला पसरून ठेवायची.

मी उभा राहिलो. म्हटलं, "बाई, राख म्हणजे घाण नव्हे. आमच्या आयांनी राखेनं भांडी घासली, राखेच्या पाण्यात चादरी उकळल्या. बर्फावर राख टाकून आम्ही शाळेत गेलो. राखेइतकी स्वच्छ वस्तू तुमच्या डेपोत दुसरी नाही."

"स्वच्छ आहे हो, मिस्त्री," ती म्हणाली. "पण गरम आहे."

सगळा वर्ग हसला. मी बसलो नाही. शेवटी ती म्हणाली, घरी जा, चुलीतली राख बादलीत भरा, वर थंड राखेचा थर द्या, आणि रोज हात घालून बघा. दुसऱ्या दिवशी कोमट. तिसऱ्या दिवशीही कोमट. चौथ्या दिवशी मी उगाच तळ उकरला, तर बदामाएवढा निखारा, लालबुंद, माझ्याकडे बघत.

हे मी तिला कळवलेलं नाही.

परीक्षेत पन्नासपैकी एकेचाळीस. गेलेल्या नऊपैकी दोन प्रश्न चुकीचे विचारले होते, तसं मी उत्तरपत्रिकेत लिहिलंही आहे. संत निकोलाच्या सणाला मेतोदी कूमांकडे गेलो. त्यांनी कार्प मासा भाजला होता, नगरपालिकेची कचऱ्याची गाडी दारात उभी करून. "आता तू माझा साहेब," म्हणाले. "मी गाडी आणणार आणि तू मला आत सोडणार की नाही ते ठरवणार. अरे, तुमच्या लग्नात तुम्हा दोघांच्या डोक्यांवर मुकुट मी धरले, विसरू नको. हात भरून आले होते माझे, तुझं टाळकं एवढं उंच."

माशाच्या डोक्यातलं क्रॉससारखं शुभ हाड तुझ्यासाठी ठेवलं आहे.

स्तामेन


डेपो, २० जानेवारी २०१९

यागोदा,

परवाना आला. हिरव्या पट्ट्याचा कागद, माझं नाव बिनचूक, आणि खाली ठळक अक्षरात ‘तात्पुरता’. मी त्याला नासपतीच्या लाकडाची चौकट केली आणि डेपोच्या खोपटात टांगली. मागे खिळे मारले नाहीत, स्क्रू लावले. जानेवारीत कागद बदलायचा आहे.

सध्या पगार अकराशे. कायमच्यावर काय देणार, ते ल्यूबेन बोलत नाही.

राखेसाठी दांडा केला. दोन मीटरचा, जुन्या बॉयलरच्या नळीचा, टोकाला अणी, वर राकियाच्या यंत्राचा जुना तापमापक. विकतच्यापेक्षा सरस. कालिनाबाई तपासणीला आली, दांडा हातात घेऊन तोलला, म्हणाली, "सुंदर. फक्त मूठ लाकडाची करा."

"लोखंडाचीच राहू दे. मोडायची नाही."

"मोडण्याचं नाही बोलत मी."

"बघू," म्हटलं. करायची राहिली आहे.

फिदान आठवते का? पुलाखालच्या रोमा भटक्यांच्या वस्तीतली, जी आपल्याकडून जुने पत्रे न्यायची. ती आणि तिचे लोक डेपोवर लोखंड-तांबं वेचतात. नियमाप्रमाणे त्यांनी आत यायचं नाही. आधीचा मुकादम त्यांना येऊ द्यायचा आणि तांब्यातला वाटा घ्यायचा. मी वाटा घेत नाही. पण हाकलून कुठे पाठवू? मी कुंपणाजवळची सपाट जागा आखून दिली: गाड्या ओतायच्या जागेपासून लांब, दुपारपर्यंत, आणि विस्तव अजिबात नाही. पूर्वी ती माणसं तारा जाळून तांबं काढायची. काळा धूर, सगळा गाव खोकायचा.

फिदान म्हणाली, "जाळायच्या नाहीत, तर मग काय दातांनी सोलू, मिस्त्री? दात चारच उरलेत, तेही समोरचे."

मी तिला पाटी करून दिली. बीच झाडाच्या लाकडाची, मध्ये खाच, वर पातं आणि एक बेअरिंग. तार एका बाजूनं घाल, ओढ, सालपट वेगळं, तांबं वेगळं. तिनं पहिली तार ओढली आणि पाटीला मुका दिला. मला नाही, पाटीला. तेव्हापासून कुंपणाजवळ काडी पेटलेली नाही.

थंडी फार आहे. तुझ्या खोलीत हीटर आहे का, ते तू कधी लिहिलं नाहीस.

स्तामेन


ड्रेनोव्हित्सा, १ मार्च

यागोदा,

सोबत मार्तेनित्सा, वसंत दिसेपर्यंत मनगटावर बांधायला. लाल-पांढरा दोरा मीच पिळला आहे, म्हणून सुटणार नाही. तुमच्याकडे करकोचे दिसत नसतील तर पहिलं फुललेलं झाड बघून सोड. माझी मी यंदा लवकर सोडेन. करकोचे आधी डेपोवर उतरतात, मग गावावर. लोकांना वाटतं वसंत चर्चच्या मनोऱ्यावर येतो. तो आमच्या उकिरड्यावर येतो, मेलेले उंदीर खायला.

तू पाठवलेलं कॉफीचं पाकीट मिळालं. आत चिठ्ठी नव्हती. मी पाकीट पूर्ण उलगडून पाहिलं.

खरं सांगायचं तर थकलो आहे. काम जड नाही. रोज तेच आहे म्हणून थकवा आहे. पाळणा केला की पाळणा होतो. चूल केली की चूल होते. इथे संध्याकाळी मातीचा थर देऊन सपाट करतो आणि सकाळी ल्यूबेनच्या गावानं पुन्हा तेवढंच टाकलेलं असतं. दुकानात बायका माझ्या मागे रांगेत उभ्या राहत नाहीत, दुसऱ्या रांगेत जातात. तीनदा साबण लावतो. चौथ्यांदा लावला की कातडी जाते, वास राहतो.

पण टिकलो आहे. तेवढं लिहायचं होतं.

स्तामेन


ड्रेनोव्हित्सा, १० मार्च, क्षमेचा रविवार

यागोदा,

आज लेंटच्या उपासाआधीचा शेवटचा दिवस. मी कूमांकडे एकटाच गेलो, हलवा आणि लिंबू घेऊन, तू बांधून द्यायचीस तसं फडक्यात. गाठ मला तशी येत नाही. वाकलो, हाताला ओठ लावले, म्हटलं, "माफ करा, कूम."

"माफ आहे. देवानंही करावं." मग हात सोडेनात. "आणि यागोदाच्या वतीनं कोण वाकणार?"

"ती येऊन वाकेल."

"कधी?"

"जानेवारीत," मी म्हटलं. कूमांची बायको आत गेली. ती तुला फोन करते, त्यामुळे तुला माझ्याआधी कळेल की मी असं म्हणालो.

नंतर छताला दोरा बांधून उकडलेलं अंडं झुलवलं. हात मागे ठेवून तोंडानं पकडायचं. कूमांनी दोनदा नाकावर मारून घेतलं आणि म्हणाले, "यालासुद्धा परवाना लागतो वाटतं!" मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

चौकातली होळी यंदा नगरपालिकेची होती. टायर जाळायचे नाहीत, हे मी ल्यूबेनकडून लिहून घेतलं होतं. मग त्यांनी लाकडी फळ्या आणि द्राक्षवेलींच्या छाटण्या रचल्या, दुमजली घराएवढ्या. उद्या सकाळी जिल्ह्याहून साहेबलोक नव्या कचरा वर्गीकरण शेडची जागा बघायला येणार आहेत. ल्यूबेन कूमांना सांगत होता, "मेतोदी, नऊच्या आत चौक आरशासारखा हवा."

मी कूमांना बाजूला घेऊन म्हटलं, "राख उद्या उचलू नका. चार दिवस राहू द्या तिथेच."

"साहेब येणार म्हणतोय ना तो."

"मग आधी पाणी मारा. भरपूर."

"मारतो रे बाबा. आज तरी मला नियम शिकवू नको, आज तू माफी मागायला आलायस."

पोरं निखाऱ्यांवरून उड्या मारत होती. मीही एक मारली. कुणी पाहिलं नाही.

स्तामेन


१४ मार्च

यागोदा,

थोडक्यात लिहितो. अक्षर वेडंवाकडं आहे कारण पेन नवं आहे. सोमवारी डेपोवर थोडा धूर झाला. विझला. कूमांची बायको फोनवर काही सांगेल, त्यातलं अर्धंच खरं मान.

करकोचे आले. मार्तेनित्सा अजून सोडलेली नाही.

स्तामेन


ड्रेनोव्हित्सा, २४ मार्च

यागोदा,

तू फोन केलास. पाच महिन्यांत पहिला. "कुठला हात?" विचारलंस, आणि मी "डावा" म्हटलं. उजवा आहे. मागचं पत्र डाव्यानं लिहिलं होतं, हेही डाव्यानंच लिहितो आहे. तीन संध्याकाळी बसून, म्हणून लांबलं तर सांभाळून घे. बोटं हलतात. डॉक्टर म्हणतात कातडी येईल, पकड कितपत येईल ते नंतर.

जसं झालं तसं लिहितो.

सोमवारी सकाळी दार उघडायला आणि कूमांची गाडी यायला एकच गाठ पडली. काचेतून डोकं काढून म्हणाले, "चौकातली राख. पाणी मारलंय. दोनदा मारलंय, भाकरीची शपथ."

दांडा खोपटाच्या भिंतीला टेकलेला होता. हात लांबवला असता तर लागला असता. पण आदल्या संध्याकाळी ज्यांच्या हाताला ओठ लावले, ज्यांनी वर देवाचं नाव घेऊन मला माफ केलं, आणि ज्यांनी हात भरून येईपर्यंत आपल्या डोक्यांवर मुकुट धरले, त्यांच्या शपथेत मी सकाळी उठून लोखंड खुपसू? यागोदा, तूही केलं नसतंस. आपल्याकडे कुणीच करत नाही. मी काट्यावरचं वजन लिहिलं आणि दार सोडलं.

कूम खोटं बोलले नव्हते. पाणी मारलं होतं. वरची साय ओली झाली होती, भाकरीच्या पापुद्र्यासारखी. आतलं तसंच होतं.

अकराच्या सुमारास गाद्यांच्या ढिगाजवळून धूर आला. मी दांडा घेऊन धावलो. राखेत घातला तर काटा फिरून टोकाला टेकला आणि तिथेच राहिला. दांडा उपसायला उघड्या हातानं मूठ धरली. लोखंडी मूठ. मोडली नाही, एवढं खरं.

कुंपणाकडून फिदान ओरडत आली, "मिस्त्री, सोड तो दांडा! सोड म्हणते ना, दुसरा बनवशील!" मला सोडता येईना, तळहात त्याला चिकटला होता. तिनं माझ्या मनगटावर फावडं आपटलं तेव्हा सुटला. मग ती आणि तिची सगळी माणसं, बाया, पुलाखालचे म्हातारेसुद्धा, माती ओतत राहिली. मी एका हातानं बुलडोझर चालवून जळता ढीग बाजूला लोटला. अग्निशामक गाडी आली तेव्हा विझवायला फारसं उरलं नव्हतं. चौकात साहेबलोक आरशासारख्या फरशीवर उभे राहून आमचा धूर बघत होते.

फिदाननं माझ्या हातावर वाडगाभर दही ओतलं. "तुझी पाटी वाचवली मी," म्हणाली. "पहिली तीच उचलली."

शनिवारी कूम आले. फाटकाशीच टोपी काढली. आत या म्हटलं तर येईनात. मग त्या माणसानं, यागोदा, माझ्यापुढे मान वाकवली. "स्तामेन, माफ कर."

"कूम, उलटं करू नका. मोठ्यानं लहानाकडे मागायची नसते."

"चालीरीत गेली खड्ड्यात. तुझा हात बघ. मी सांगतो त्यांना, मीच आणली, मीच शपथ घेतली."

"आणि दोन वर्षांवर आलेली पेन्शन?"

टोपी हातात फिरवत होते.

"गाडी आणणं तुमचं काम, तपासणं माझं," मी म्हटलं. "गाडीवाल्यानं हवी तेवढी शपथ घ्यावी. मुकादमानं दांडा घालायचा असतो. आता आत या, कॉफी आहे. इटलीची."

आले. रडले थोडे. कॉफी कडू आहे म्हणाले.

पुढच्या सोमवारी नगराध्यक्ष ल्यूबेन खोपटात आला, टाइप केलेलं निवेदन घेऊन. फक्त माझी सही हवी. आत लिहिलं होतं की अनधिकृत रोमा व्यक्तींनी तारा जाळल्या, वारा सुटला, आग पसरली.

"हे असं झालं नाही," मी म्हटलं.

"मिस्त्री, सरळ आहे बघा. त्यांना तिथे असायची परवानगी नव्हती, म्हणजे कागदावर ते तिथे नव्हतेच. मग त्यांचं काय जातंय?"

"नव्हतेच, तर जाळलं कुणी?"

तो हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "त्यांची वस्ती पुलाखालून उठवायचीच आहे. आज ना उद्या. कारण मिळालं तर बरं. तुमचा परवाना वाचतो, मेतोदीची पेन्शन वाचते, माझा चौक वाचतो. तीन माणसं वाचतात."

"फिदानला तार सोलायची पाटी मी करून दिली आहे."

"मग?"

"ती जाळते असं मी लिहिलं तर माझी पाटी चालत नाही, असं होतं. ती चालते."

"एका लाकडी पाटीच्या अब्रूसाठी परवाना घालवणार?"

त्यावर मी काय केलं ते तुला सांगितलं तर तू म्हणशील, झाली खोड सुरू. त्याचा कागद उलटा केला आणि पाठीमागे डाव्या हातानं लिहिलं: ‘राखेची गाडी मी न तपासता आत घेतली. आग त्यातूनच लागली. विझवली ती मी आणि पुलाखालच्या लोकांनी.’ खाली सही, आणि सहीखाली ‘तात्पुरता’. कूमांचं नाव त्यात नाही. कुणी विचारलं तर गाडी कुणाची ते सांगेन. शपथेचं कुणी विचारणार नाही.

गुरुवारी कालिनाबाई आली. कागद उभ्या उभ्या वाचला. म्हणाली, "परवाना रद्द होईल. तीन वर्षं पुन्हा अर्ज नाही. तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं. परीक्षेत होता हा प्रश्न. बरोबर आला होता माझा."

ती खाली बसली, उलट्या घमेल्यावर. थकलेली दिसली. म्हणाली, "मला तुम्ही हवे होतात, मिस्त्री. भांडलात, पण शिकून गेलात असं वाटलं होतं."

तेव्हा मी सांगितलं. "बाई, त्या बादलीत चौथ्या दिवशी निखारा निघाला होता. तुमचं खरं होतं."

"मग तेव्हाच का नाही कळवलंत?"

मी तिला दांडा दाखवला. रविवारी डाव्या हातानं मूठ केली आहे, अक्रोडाची. थोडी वाकडी आहे, पण हाताला बसते. पुढचा जो कोणी येईल त्याच्यासाठी दांडा खोपटात ठेवला. चौकटीतून कागद काढून तिच्या हाती दिला. चौकट घरी आणली. स्क्रू सगळे मिळाले.

तर, यागोदा, मी पुन्हा एकदा एक जागा सोडली. वर्ष नाही झालं. तीन महिनेही धड झाले नाहीत. जानेवारीचं मी कूमांकडे जे बोललो ते परत घेतो, आणि तसं त्यांनाही सांगितलं आहे, म्हणजे त्यांची बायको तुला उगाच वाट बघायला लावणार नाही. यंत्राला गिऱ्हाइकं आहेत, पेट्यांत माश्या आहेत, मी उपाशी नाही. हात बरा झाला की विहिरीचा रहाट बदलायचा आहे, कुरकुरतो. काल संध्याकाळी मार्तेनित्सा सोडली आणि परसातल्या नासपतीला बांधली. तिला अजून कळ्याच आहेत, पण राहवलं नाही. तू तुझी सोडलीस का?

तुझा,
स्तामेन

ता. क. निवेदनाबरोबर ल्यूबेननं आणखी एक कागद आणला होता, तो तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. त्यानं तो सहीच्या जागेशेजारी ठेवला, बोटानं आकड्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, "मिस्त्री, बसथांब्यावर मीही होतो त्या दिवशी. हिशोब करूनच आलोय." कायमचा परवाना, नव्या वर्गीकरण शेडचं मुकादमपद, आणि महिना सतराशे एकसष्ट लेव्हा.